लेथ डिकीत मावेल; लाटणं लेथमध्ये मावेल का?

प्रश्न: मी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. दर पंधरा दिवसांनी देवरुखजवळच्या गावी आई-बाबांकडे जातो. लेथवरचं लाकूडकाम, म्हणजे यंत्रावर लाकूड फिरवत ठेवून कातायचं काम, शिकायचंय. ड्रिल मशीन घरात होतंच, म्हणून त्याला लावायचा लेथचा जोड मागवला. दुसऱ्याच दिवशी ५० मिलिमीटर चौरस सागाचा तुकडा सुतारी पटाशीने गोल करताना निसटला आणि समोरच्या भिंतीचा पोपडा काढून गेला. ड्रिलही हात लावू नये इतकं तापलं होतं. आता खरा लेथ घ्यावा म्हणतो. डिकीत टाकून गावी नेता यावा म्हणून '८ बाय १२' मापाचा छोटा लेथ पाहून ठेवलाय. पहिली वस्तू म्हणून आईला लाटणं करून द्यायचंय. सगळं मिळून ४०,००० रुपये बाजूला काढलेत. हा लेथ बरोबर आहे का? हत्यारं कोणती घेऊ? लाकूड गावचंच चालेल का? सावंतवाडीच्या खेळण्यांसारखी चकाकी कशी येते? आणि नऊ वर्षांची लेक शेजारून हलत नाही, तिचं काय करू?

उत्तर: आधी स्वयंपाकघरात जाऊन आईचं लाटणं पट्टीने मोजा. बहुतेक घरांत ते ३३ ते ३८ सेंटिमीटर भरतं. '८ बाय १२' मधला पहिला आकडा म्हणजे बेडवर (लेथच्या लांब लोखंडी बैठकीवर) जास्तीत जास्त केवढ्या व्यासाचं लाकूड फिरेल, इथे ८ इंच. दुसरा आकडा म्हणजे दोन्ही टोकांच्या सेंटरमधलं (लाकूड धरणाऱ्या अणकुच्यांमधलं) अंतर, इथे १२ इंच, म्हणजे ३०.५ सेंटिमीटर. तुमचं लाटणं त्यात बसतच नाही. शिवाय दोन्ही टोकांना सेंटरच्या खुणा पडतात, त्या कापून टाकायला प्रत्येकी एक-दीड सेंटिमीटर लाकूड जास्त लागतं. त्यामुळे निदान '१० बाय १८' मापाचा घ्या. त्यात सेंटरमधलं अंतर ४५.७ सेंटिमीटर मिळतं. छोट्या लेथला बेड वाढवायचा जोड काही कंपन्या देतात, पण तो जोड दरवेळी सरळ बसवणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

या मापाचे लेथ साधारण ३० ते ४५ किलोंचे असतात. डिकीत मावतात, पण उचलायला दोन माणसं लागतात. आता तुमच्या 'डिकीत टाकून' बद्दल. दर पंधरा दिवसांनी ४० किलोंचं यंत्र तीन मजले खाली, पुन्हा वर, असं फार तर दोन महिने होईल. मग लेथ पलंगाखाली जाईल. आमचं मत असं: लेथ दसऱ्यापासून मे संपेपर्यंत गावीच ठेवा आणि पावसाळ्यात कोकणातल्या दमटपणापासून वाचवायला डोंबिवलीला आणा. म्हणजे वर्षातून एकदा नेणं आणि एकदा आणणं. स्टँड कायम गावीच राहू दे. दर खेपेला सोबत न्यायची ती फक्त हत्यारं. वाहून नेण्याची अडचण अशी सुटली की वजनाशी तुमचं वैर राहत नाही, आणि लेथला वजन हवंच असतं.

ड्रिलचं काय चुकलं, तेही पाहू, कारण तीच चूक नव्या लेथवरही होऊ शकते. ड्रिलची बेअरिंगं समोरून येणारा दाब सोसायला केलेली असतात. लेथवर हत्यार आडवं टेकतं, तो दाब बाजूने येतो, आणि चक, म्हणजे पकडणारा जबडा, हळूहळू ढिला पडून हलायला लागतो. ड्रिलच्या मोटरचा पंखा मोटरच्याच वेगाने फिरतो. म्हणजे वेग कमी ठेवून जोर लावला की वारा कमी आणि उष्णता जास्त. त्यात ही मोटर भार पडला की मंदावते आणि हत्यार उचललं की एकदम उसळते, त्यामुळे हाताला वेगाचा अंदाजच येत नाही. जोडाचे दोन बारीक दांडे वाकतात ते वेगळंच. हे घेऊन पेनाच्या जाडीची वस्तू होईल, लाटणं नाही. ड्रिल आता भोकं पाडायला ठेवा, त्या कामाला ते उत्तम आहे.

तुकडा निसटला त्याचं कारण मात्र ड्रिल एकटं नव्हे. ५० मिलिमीटर चौरसाचा कोपरा ते कोपरा व्यास ७१ मिलिमीटर होतो. ड्रिल पूर्ण दाबलं तर मिनिटाला २,८०० च्या आसपास फेऱ्या. या वेगाला तो कोपरा ताशी ३७ किलोमीटरने हत्यारावर येऊन आदळतो, सेकंदाला जवळपास १८७ वेळा, कारण कोपरे चार आहेत. समोर होती सुतारी पटाशी. तिची धार सपाट आणि टोकं काटकोनी, त्यामुळे एक टोक लाकडात घुसलं की अख्खं पातं ओढलं जातं. तिचा तंग, म्हणजे मुठीत शिरणारा भाग, तोही छोटा, असले हिसके खायला केलेलाच नसतो. ५० मिलिमीटरचा चौरस तुकडा ८०० ते १,००० फेऱ्यांवर गोल करायचा. पुरता गोल झाला की १,५००, आणि शेवटचे हलके हात २,००० ते २,५०० वर. 'इंचातला व्यास गुणिले फेऱ्या बरोबर ६,००० ते ९,०००' असा एक ठोकताळा कारागीर वापरतात. तो गोल, तोल असलेल्या लाकडासाठी आणि सरावलेल्या हातासाठी आहे. पहिले सहा महिने त्याच्या निम्म्यावर राहिलात तरी काही बिघडत नाही.

लेथ पाहायला जाल तेव्हा मोटरच्या हॉर्सपॉवरआधी तीन गोष्टी विचारा. पहिली, स्पिंडलचे (लाकूड फिरवणाऱ्या दांड्याचे) आटे कोणते: १ इंच व्यासाचे, इंचाला ८ आट्यांचे किंवा एम-३३ (३३ मिलिमीटर व्यासाचे) असले तर पुढे चक मिळायला त्रास नाही. स्वस्त छोट्या यंत्रांवर भलतेच आटे असतात आणि त्यांना बसणारा चक शोधण्यात वर्ष जातं. दुसरी, दोन्हीकडचा टेपर (सेंटर बसायचं निमुळतं भोक) एम-टी-२ हवा. एम-टी-१ चालतो, पण तो बारीक असतो, मोठ्या टोकाला सुमारे १२ मिलिमीटर. एम-टी-२ जवळपास १८ मिलिमीटरचा. तिसरी, सगळ्यात कमी वेग किती: ५०० किंवा त्याखाली हवा. ७५० पासून सुरू होणारा लेथ ओबडधोबड लाकडाला घाईचा ठरतो. मोटर अर्धा किंवा पाऊण हॉर्सपॉवरची पुरते.

वेग बदलायला पट्टा-पुली घ्यावी की फिरवायचं बटण? डोंबिवलीत बसून काम करणार असतात तर बटणाचा घ्या म्हटलं असतं. गावी संध्याकाळी विजेचा दाब पडतो, कोकणच्या हवेत इलेक्ट्रॉनिक पाटीवर दमट थर बसतो, आणि ती गेली तर देवरुखात दुरुस्त कोण करणार? पट्टा-पुलीचा लेथ बरा. पट्टा बदलायला मिनिटभर जातं, तेवढंच. दाब फार कमी असेल तर मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. तेव्हा 'आत्ता सुरू होईल' म्हणून वाट पाहू नका. लगेच बंद करा, नाहीतर वायंडिंग जळतं. एक्स्टेन्शनची वायर दीड चौरस मिलिमीटरची घ्या आणि रीळ पूर्ण उलगडूनच वापरा. अर्थिंग तपासून घ्या आणि त्या खोलीच्या लायनीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लायन तोडणारा स्विच) आहे का ते वायरमनला विचारा.

दुकानात एक परीक्षा करायलाच हवी. टेलस्टॉक (बेडवर सरकणारा उजवा भाग) सरकवून त्याचं टोक हेडस्टॉकच्या (मोटरकडच्या भागाच्या) टोकाला भिडवा. दोन्ही अणकुच्या एकमेकींसमोर यायला हव्यात. अर्धा मिलिमीटरही इकडेतिकडे असतील तर दुसरा पीस काढायला सांगा. मग स्पिंडल हाताने धरून खालीवर हलवा. कटकट जाणवली तर बेअरिंग गेलंय. जुना लेथ घेत असाल तर हे दोनदा करा.

चाळीस हजार सगळे लेथमध्ये ओतू नका. तिसरा हिस्सा ग्राइंडर, हत्यारं आणि फेस शील्डसाठी राखून ठेवा. चार जबड्यांचा चक पहिलं वर्ष नको. त्याच्याशिवाय लाटणं, भोवरा, रवी, खुंट्या, देव्हाऱ्याचे खांब एवढं सगळं होतं. वाटी-पोळपाटापर्यंत पोचाल तेव्हा घ्या.

हत्यारं चार. जाडं काम करायचा २० मिलिमीटरचा रफिंग गाऊज, म्हणजे खोल नळीसारखी गोल पटाशी. १० मिलिमीटरचा स्पिंडल गाऊज, गोलव्यांना आणि खाचांना. ३ मिलिमीटरचं पार्टिंग टूल, माप घ्यायला आणि तोडायला. २० मिलिमीटरचा स्क्यू, म्हणजे तिरप्या धारेची पटाशी. पोलाद एचएसएस (हाय स्पीड स्टील) असू दे. साध्या कार्बन पोलादाची धार ग्राइंडरवर क्षणात निळी पडते, आणि निळी पडली की तिथलं पाणी उतरलं असं समजा. सात-आठ हत्यारांचे चकचकीत लाकडी पेटीतले स्वस्त संच येतात, ते टाळा. त्यातली चार कधी हातात धरली जात नाहीत. आणि रफिंग गाऊज वाटीच्या कामाला कधीही वापरू नका. त्याचा तंग बारीक असतो आणि आडव्या रेषेच्या, म्हणजे तंतू आडवे असलेल्या, लाकडात अडकला तर मोडून उडतो. कार्बाइडची छोटी गोल चकती स्क्रूने लावलेली हत्यारंही हल्ली मिळतात. धार लावायला नको, म्हणून मोह होतो. बाभळीसारख्या कठीण लाकडावर ती ठीक चालतात, पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडाचे मात्र तंतू उपटतात. मुख्य म्हणजे हत्यार लाकडावर टेकवून कापायची सवय त्यांनी लागत नाही.

धार हा या विद्येचा अर्धा भाग आहे, आणि नवशिक्यांचे नव्वद टक्के प्रश्न तिथेच सुटतात (टक्केवारी मोजलेली नाही, पण आम्ही तिच्यावर ठाम आहोत). ६ किंवा ८ इंची बेंच ग्राइंडर घ्या. त्याच्यासोबत येणारा करडा दगड काढून ८० ग्रिटचा पांढरा अॅल्युमिनियम ऑक्साइडचा लावा, तो कमी तापवतो. ग्राइंडरसमोर लाकडी तुकड्यांचा एक तिरपा पाट बसवा, म्हणजे हत्यार दरवेळी त्याच कोनात टेकेल. रफिंग गाऊजला ४५ अंश, स्पिंडल गाऊजला ३५ ते ४०, स्क्यूला दोन्ही बाजू मिळून ३५ ते ४०. धारेच्या उतारावर काळ्या मार्करने रेघोट्या ओढा, दगड हाताने अर्धा फेरा फिरवा आणि पाहा. शाई उताराच्या टाचेकडे, म्हणजे धारेपासून लांबच्या काठाकडे, पुसली गेली तर पाटाचा कल एका दिशेने बदला, धारेकडे पुसली तर उलट दिशेने. संपूर्ण उतारावरून एकसारखी गेली की कोन जुळला. मग दाबायचं नाही, हत्यार स्वतःच्या वजनाने टेकू द्यायचं. एचएसएस पाण्यात बुडवून गार करू नका, धारेला बारीक तडे जातात. काम करताना दर पाच-दहा मिनिटांनी धार पाहा. दिव्याखाली धार धरल्यावर पांढरी रेघ चमकली तर ती बोथट आहे. तीक्ष्ण धारेवर प्रकाश थांबतच नाही.

स्टँड गावचा सुतार करून देईल. वर १८ मिलिमीटरच्या दोन प्लाय फेव्हिकॉलने चिकटवून ९० बाय ३५ सेंटिमीटरचा पाट, खाली बाहेर झुकलेले चार पाय, पायांच्या तळाशी एक फळी. त्या फळीवर कोरड्या वाळूने अर्ध्या भरलेल्या सिमेंटच्या दोन गोण्या ठेवायच्या. अर्धी गोणी २५ किलोंच्या वर जाते, म्हणजे लेथखाली ५० किलो बसले. थरथर बरीच कमी होते. उंची अशी ठेवा की सरळ उभं राहून कोपर दुमडल्यावर स्पिंडल कोपराच्या पातळीला येईल. त्याहून खाली असला तर तासाभरात कंबर बोलायला लागते. जमीन शेणाने सारवलेली असेल तर चारही पायांखाली पाचर मारून हलणं बंद करा. लेथचे बोल्ट एकदम करकचून आवळू नका. पाट वाकडा असेल तर बेडही त्याच्यासोबत पिळला जातो. बोल्ट हाताने लावा, फटीत पत्र्याच्या चकत्या घाला, मग आवळा, आणि दोन अणकुच्या भिडवून पुन्हा पाहा. प्रवासानंतर दरवेळी हे करायचं. लेथ नेताना टेलस्टॉक आणि टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) काढून वेगळे न्या, आणि उचलताना बेडखाली हात घाला. स्पिंडलला किंवा मोटरला धरून उचललं की काय होतं ते पुढे आवाजावरून कळतं. बेडवर मेणबत्ती घासून ठेवलीत तर गंज लागत नाही आणि टेलस्टॉक सरकायलाही हलका होतो. हेच मेण टूल रेस्टच्या काठावरही फिरवा, काठाला खाचा पडल्या असतील तर आधी कानशीने सपाट करून घ्या.

आता प्रत्यक्ष काम. सरपणाच्या ढिगातला एक सरळ रेषेचा, गाठ नसलेला तुकडा घ्या. ५० बाय ५०, लांबी २५० मिलिमीटर. दोन्ही टोकांवर कर्ण आखून मध्य काढा. चार काट्यांचा ड्राइव्ह सेंटर (हेडस्टॉककडचा, लाकूड फिरवणारा) लेथवरून काढून, लाकूड जमिनीवर उभं धरून, लाकडी मोगरीने ठोकून बसवा. लेथवरच ठोकलंत तर तो मार थेट बेअरिंगला बसतो. चारही कोपरे कोयत्याने छिलून अष्टकोन केलात तर पहिली दहा मिनिटं हादरे कमी. टेलस्टॉकला फिरता सेंटर वापरा. न फिरणाऱ्याने लाकूड जळतं. तो आवळा, एक मिनिट लेथ चालवा, बंद करा, पुन्हा आवळा, कारण दाबाने लाकूड आत बसतं आणि पकड सैल होते. टूल रेस्ट लाकडापासून ५-६ मिलिमीटरवर आणि मध्यापेक्षा किंचित खाली. लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवा, कुठे घासत नाही ना पाहा. मगच बटण.

क्रम पक्का लक्षात ठेवा: आधी हत्यार टूल रेस्टवर, मग उताराची टाच लाकडावर, आणि सगळ्यात शेवटी धार. मूठ खाली, कमरेजवळ धरा. टाच फिरत्या लाकडाला नुसती घासेल, कापणार काहीच नाही. मग मूठ हळू वर उचलत जा. एका ठिकाणी बारीक छिलका निघायला लागेल आणि आवाज 'टकटक' वरून 'सर्रर्र' वर जाईल. तिथे थांबा, तो कोन हाच. तुमची पटाशी नेमकी उलट लागली होती: आधी धार, आणि टाच हवेत. टाचेचा आधार नसला की लाकूड धारेला आत ओढतं. छिलक्यांऐवजी भुसा पडत असेल तर एकतर धार गेलीय किंवा तुम्ही खरवडताय.

गोल करताना टोकापासून सुरुवात करू नका. टोकाच्या ३ सेंटिमीटर आत टेका आणि टोकाबाहेर निघून जा, मग ६ सेंटिमीटर आतून, मग ९. ज्या दिशेला जायचं तिकडे नळीचं तोंड थोडं कलतं ठेवा. आकार काढताना नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे जा. उलट गेलात की धार तंतूंच्या उघड्या टोकांत घुसते. गोल झाला की त्याच दांड्यावर पेन्सिलीने दर २० मिलिमीटरला रेघ मारा आणि स्पिंडल गाऊजने एकाआड एक मणी आणि खाच काढा. सगळे खराब होतील. दांडा पुन्हा गोल करा, पुन्हा काढा. हा एक दांडा संपेपर्यंत लाटण्याला हात लावू नका. स्क्यूचा सराव शेवटी. त्याची धार मधल्या आणि खालच्या भागानेच लाकडाला लागली पाहिजे. वरचं लांब टोक लागलं की दांड्यावर मळसूत्रासारखी खाच पडते, ती एकदा पडेलच.

लेकीसाठी पहिली खरी वस्तू भोवरा करा. तो चक न लावता, दोन सेंटरमध्येच होतो. तुकडा ५० बाय ५० बाय ११०, जांभूळ किंवा बाभूळ. आरेची, म्हणजे खालच्या खिळ्याची, बाजू टेलस्टॉककडे ठेवा. व्यास ४५ ला आणा, डोकं आणि खालचा शंकू काढा, शंकूवर जाळीसाठी (गुंडाळायच्या दोरीसाठी) उथळ खाचा द्या. दोन्ही टोकांना ८ मिलिमीटरच्या गुंड्या शिल्लक ठेवा, लेथ बंद करा आणि करवतीने कापा. आता खालच्या टोकाचा मध्य हरवू द्यायचा नाही. टेलस्टॉकच्या अणकुचीचं भोक खोल असलं तर कापल्यावरही त्याचा ठिपका उरतो. म्हणून सुरुवातीलाच तिथे ३ मिलिमीटरचं, ३० मिलिमीटर खोल भोक पाडून अणकुची त्यात बसवा. खिळा पुढे त्याच भोकात जातो. खिळा भोकापेक्षा थोडा जाड घ्या, ठोका, डोकं कापा, ८-१० मिलिमीटर बाहेर ठेवून कानशीने गोल करा. आर अक्षावर असल्याने भोवरा थरथरत नाही. बाजारच्या भोवऱ्यात आर बरेचदा थोडी सरकलेली असते, म्हणून तो हातावर घेतला की गुदगुल्या करतो.

लाकूड गावचं जरूर वापरा, पण झाड तोडू नका. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, आंबा, फणस, जांभूळ, खैर, चंदन ही झाडं आहेत. स्वतःच्या आवारातलं असलं तरी परवानगी लागते. तुम्हाला लागणारं लाकूड तसंही वाऱ्याने मोडलेल्या फांद्यांत, सुताराच्या कचऱ्यात आणि मागच्या उन्हाळ्यात रचलेल्या सरपणात पडलेलं असतं. फणस सुरेख कातला जातो, पिवळा रंग पुढे मधासारखा गडद होतो. आंबा चालतो, पण बुरशीचे काळे पट्टे आणि पोखरलेली भोकं पाहून घ्या. जांभूळ, बाभूळ, चिंच कठीण आणि जड, लाटण्याला उत्तम. सागात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात, धार लवकर खातो, म्हणून शिकायला नको. कुंपणाचा पांगारा अगदी मऊ. सावंतवाडीची खेळणी पूर्वापार त्याचीच. बिब्ब्याच्या लाकडाला हातही लावू नका, चीक उततो. ओली फांदी मिळाली तर टोकांना लगेच फेव्हिकॉल फासा आणि पाचरीने मधोमध, गाभ्यातून फोडा. गाभा आत ठेवलेला गोल दांडा हमखास तडकतो. फोडलेलं लाकूड तंतूंच्या रेषेत फुटतं, म्हणून करवतीच्या तुकड्यापेक्षा लेथवर सरळ वागतं. इंच जाडीला वर्षभर सावलीत, हा वाळवण्याचा जुना हिशोब, आणि कोकणात त्यातले पावसाळ्याचे चार महिने धरायचेच नाहीत.

लाटण्याचा तुकडा ४५ बाय ४५ बाय ४०० मिलिमीटर घ्या. मधला व्यास आईच्या लाटण्याइतका. कॅलिपरने (जाडी मोजायच्या साधनाने) माप घेऊन पार्टिंग टूलने दर ५ सेंटिमीटरला त्या खोलीची खाच पाडा, मग खाचा दिसेनाशा होईतो मधलं लाकूड काढा. लांब आणि बारीक दांडा मध्ये वाकून थरथरतो आणि त्याच्यावर तिरप्या लाटा उमटतात. टेलस्टॉक थोडा सैल करा, धार नवी करा आणि मोकळ्या हाताचा तळवा लाकडाच्या मागे हलके टेकवून आधार द्या. १२० पासून ३२० पर्यंत पॉलिशपेपर, टूल रेस्ट बाजूला काढून. शेवटी लेथ थांबवून रेषेच्या दिशेने एकदा घासा, नाहीतर गोल ओरखडे उजेडात दिसतात. लाटण्याला लाख किंवा वॉर्निश नको, कणकेच्या ओल्या हाताने ते पांढरं पडून सुटतं. शेंगदाण्याचं तेलही नको. ते वाळत नाही, चिकट होऊन खवट वास धरतं. औषधांच्या दुकानात 'लिक्विड पॅराफिन आयपी' मिळतं, त्याचे चार भाग आणि मधमाशीच्या मेणाचा एक भाग पाण्यावरच्या भांड्यात वितळवून लावा. जवसाचं तेल वापरलंत तर त्याचे बोळे चुरगळून टोपलीत टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

सावंतवाडीची चकाकी ही वेगळी गोष्ट. लेथवरच्या लाखकामात रंग ब्रशने लावत नाहीत. रंगवलेल्या लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात. घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला नंतर केवड्याच्या जातीची पात फिरत्या लाकडावर दाबून ती घोटतात, तेव्हा आरशासारखी चमकते. जमायला लाकूड पूर्ण कोरडं हवं, वर तेलाचा हातही फिरलेला नको. लाख ७५-८० अंशांना मऊ होते, म्हणून वेग १,२०० ते १,५०० ठेवून कांडी ठाम दाबा. भीत-भीत दाबलीत तर नुसता रंगीत भुसा होतो. खेळण्यांना रंग खाद्य दर्जाचाच घ्या. जुना भडक पिवळा म्हणजे बहुतेक शिशाचा क्रोमेट. कांडीची सोय होईपर्यंत चपडी लाख स्पिरिटमध्ये, लिटरला १२० ग्रॅम, रात्रभर भिजवून फडक्याने नव्हे, टिश्यू पेपरने लावा. फडकं दांड्यात अडकलं तर बोटासकट ओढलं जातं, पेपर फाटतो.

त्याच कारणाने हातमोजे नाहीत, लांब बाह्या नाहीत, गळ्यात साखळी नाही. साधा चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहरा झाकणारं फेस शील्ड घ्या, आणि पॉलिशपेपर करताना एन-९५ मास्क. शिसवीचा भुसा अंगावर पुरळ आणतो, आणि कठीण लाकडाची धूळ वर्षानुवर्षं हुंगणं कर्करोगाला कारण होतं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने नोंदवलेलं आहे. म्हणून डोंबिवलीच्या हॉलमध्ये पॉलिशपेपर नको.

लेकीला हाकलू नका, पण तिची जागा ठरवून द्या. तुकडा सुटला तर तो लाकडाच्या समोर, मागे किंवा वर उडतो, टोकांच्या दिशेला सहसा नाही. तेव्हा हेडस्टॉकच्या बाजूला, लेथच्या रेषेत, दोन मीटर अंतरावर खडूने एक चौकोन आखा. तिलाही फेस शील्ड, वेणी बांधून आत. बटण दाबायच्या आधी तुम्ही स्वतः तुकडा उडायच्या वाटेतून बाजूला झालात ना, हे मोठ्याने विचारायचं काम तिच्याकडे द्या. तुम्ही दहापैकी तीनदा विसराल, ती विसरणार नाही.